शिंगणापूरचे न दिसणारे कुलूप

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे बिनदारांचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंपरेने तेथील घरांना चौकट असते, पण तीत कवाड बसवलेले नसते. मग कडी-कोयंडा, अडसर आणि कुलूप यांचा प्रश्नच उरत नाही. चोरी करणाऱ्यास शनिदेव शासन करतो, अशी श्रद्धा. या गावी जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने शाखा उघडली, तेव्हा ‘देशातील पहिली बिनकुलपाची बँक’ म्हणून तिचा गाजावाजा झाला. त्या बातमीतला एक तपशील मात्र आम्हांला मथळ्याहून मोलाचा वाटतो. शाखेला काचेचे दार होते आणि त्या दाराला कुलूपही होते. ते विद्युतचुंबकीय होते, रिमोटने चालणारे होते. आणि गावकऱ्यांच्या श्रद्धेचा मान राहावा म्हणून सहसा नजरेस पडणार नाही असे बसवलेले होते.

महाराष्ट्रातील कुलपांचा इतिहास कोणी लिहिलाच, तर १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला सुरू केलेल्या कुलपांच्या कारखान्याशेजारी या शाखेलाही त्यात एक पान मिळावे. कारण कुलूप ही मुळात दाखवण्याची वस्तू आहे. वाड्याच्या दरवाजावर लोंबणारे कुलूप निम्मे काम नुसत्या दिसण्याने करते. शिंगणापुरात प्रथमच असे कुलूप हवे झाले, ज्याचे अर्धे काम न दिसणे हे होते.

अशा कुलपाची रचना फारशी अवघड नाही. विल्यम स्टर्जन याने १८२५ मध्ये घोड्याच्या नालेसारख्या लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक केला. त्यानंतर तत्त्वात काही बदललेले नाही. चौकटीच्या माथ्यावर तारेचे वेटोळे, दारावर लोखंडाची जाड पट्टी. वेटोळ्यातून प्रवाह वाहतो तोवर पट्टी चिकटून राहते, आणि बाजारात मिळणारा साधारण चुंबकही सुमारे २७० किलोंची ओढ सहन करतो. रिमोट चुंबकाशी थेट बोलत नाही. तो रिसीव्हरला इशारा देतो, रिसीव्हर रिलेला, आणि रिले प्रवाह तोडतो. बारा व्होल्टचा पुरवठा, एक रिले आणि रिमोट-रिसीव्हरची जोडी एवढ्या सामग्रीवर हौशी मंडळी घरच्या दारालाही असे कुलूप करतात. त्यांनी आतल्या बाजूस प्रवाह तोडणारे एक साधे बटण विसरू नये, आणि स्वस्त रिमोटचा न बदलणारा संकेत दुसऱ्याला टिपून घेता येतो हेही ध्यानात ठेवावे.

पण या जातीच्या कुलपाचा खरा स्वभाव वीज गेल्यावर कळतो. किल्लीचे कुलूप एकदा लागले की लागलेच. चुंबकाचे कुलूप बंद राहण्यासाठी सतत वीज पीत असते. वीज गेली की दार मोकळे. आगीच्या प्रसंगी आत माणसे कोंडली जाऊ नयेत म्हणून हा गुणच मानला जातो. भारनियमनाची सवय असलेल्या त्या काळच्या नगर जिल्ह्यात मात्र या गुणावर विसंबणे कोणत्याही बँकेला परवडले नसते. पाठीशी बॅटरी लागतेच. दैवी शासनाच्या छायेत असलेल्या दारालाही बॅटरीचा आधार लागावा, ही गंमत आम्हांला उपहासाची वाटत नाही. तिजोरीतला पैसा ठेवीदारांचा असतो, आणि गावाची श्रद्धा त्यांच्या वतीने हमी देऊ शकत नाही. शिवाय २०१० मध्ये एका भाविकाने आपल्या वाहनातून सुमारे ३५ हजारांचा ऐवज गेल्याची तक्रार केलेली होतीच. ती घटना गावाबाहेरची, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही आले.

गावकरीही रात्री कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून चौकटीला फळी टेकवून ठेवतात. तिला दार म्हणत नाहीत, कारण ती जोडलेली नसते. नेवासा ही ज्ञानेश्वरीची भूमी, आणि ज्ञानेश्वरांनी आतून लावून घेतलेली ताटी उघडावी म्हणून मुक्ताबाईने केलेली विनवणी मराठी माणसाला परिचित आहे. ताटीला कुलूप नसते, तरी आतल्याने उघडल्याविना बाहेरच्याचा इलाज नसतो.

शिंगणापुरातही असाच एक अडसर होता, आणि बँकेच्या कुलपाहून तो कितीतरी जुना होता. शनीच्या शिळेला ना गाभारा, ना छप्पर. ती उघड्यावर आहे. तिच्या चौथऱ्यावर मात्र स्त्रियांना जाण्यास मज्जाव होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका स्त्रीने तेथे चढून तेल वाहिले, तेव्हा शुद्धीकरण करण्यात आले. २६ जानेवारी २०१६ रोजी तृप्ती देसाई यांच्या भूमाता ब्रिगेडचा मोर्चा पोलिसांनी वाटेत सुपे येथेच अडवला. एप्रिलच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने, जेथे पुरुषांना प्रवेश आहे तेथे स्त्रियांना रोखता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्यानंतर ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाच्या विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला. त्याच दिवशी स्त्रियांनी वर जाऊन शिळेला तेल घातले.