पद्मावती बोट, फत्तेखानांची जागा आणि 25 डिसेंबरचा सीझन

डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर सीझन. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरच्या खोल्या भरतात. दिघीच्या जेट्टीवर आगरदांड्याच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते. जंजिऱ्याच्या होड्या भरून सुटतात. कुठे बीच फेस्टिव्हल, कुठे फोटो आणि चित्रांचे प्रदर्शन. ‘ऐतिहासिक रायगड’ हा शब्द प्रत्येक फलकावर असतो आणि त्या इतिहासात सिद्दी असतो, मराठे असतात, श्रीवर्धनचे पेशवे असतात. याच आठवड्यात याच समुद्रातून गेलेल्या एका बोटीचे नाव मात्र अशा एकाही फलकावर आमच्या पाहण्यात आलेले नाही. ती बोट पद्मावती.

24 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून पद्मावतीने निघाले. महाडला जायला धरमतरचा रस्ता जवळचा होता. तरी त्यांनी दासगाव बंदराचा लांबचा मार्ग धरला, कारण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर दासगावहून महाड पाच मैलच, चालत गाठता येते. मुंबईहून बाणकोटच्या खाडीकडे जाणारी बोट दिघी-जंजिऱ्यासमोरून, हरिहरेश्वरावरून जाते आणि मग सावित्रीतून आत शिरते. आज ज्या किनाऱ्यावर लोक सेल्फी काढतात, त्याच्या समोरून आपली माणसे सत्याग्रहाला गेली आहेत. गाडीत बसू देतील की नाही याचा हिशोब आधीच करून निघालेली माणसे ती.

हिशोब का करावा लागला? मार्च ताजा होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात काठावर पाऊल टाकायची सोय नाही. 19 आणि 20 मार्च 1927 ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि 20 तारखेला लोकांनी तळ्याचे पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. नंतर तळ्याचे पाणी 108 घागरींत काढून, शेण-गोमूत्र घालून, मंत्र म्हणत परत ओतले. शेणाने शुद्ध आणि माणसाने अशुद्ध! नगरपालिकेने 4 ऑगस्ट 1927 ला आपलाच ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरच्या परिषदेला जागा द्यायला महाडात हिंदू मालक मिळेना. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. महाडच्या इतिहासाचा उत्सव करणाऱ्यांनी हे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे असे आमचे म्हणणे आहे. आजच्या वातावरणात तर जास्तच.

त्या परिषदेचा मंडप हेच एक प्रदर्शन होते. मंडपात गांधीजींचा फोटो लावला होता, हे आज अनेक तरुणांना खटकते. खटकू द्या, पण पुसू नका. 1927 चे बाबासाहेब 1932 च्या आधीचे आहेत. दहनासाठी वेदी खणली, भोवती फलक उभारले. मनुस्मृतीची दहनभूमी, अस्पृश्यता नष्ट करा, असे त्यांवर लिहिले होते. 25 डिसेंबरला रात्री नऊ वाजता मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. हे उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असे करायचे ठरले होते, आणि पाहणाऱ्याला अर्थ समजावून सांगायला कुणा क्युरेटरची गरज पडली नाही. तळ्याचा सत्याग्रह मात्र तेव्हा कोर्टाच्या तात्पुरत्या मनाईमुळे स्थगित झाला. पुढची दहा वर्षे दाव्यात गेली. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. तळ्यावर स्पृश्यांचाच हक्क ही अनादी काळाची रूढी आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही.

परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. जातीची खूण म्हणून अंगावर लादलेले दागिने आणि लुगडे नेसायची पद्धत सोडा, असे सांगितले. बायकांनी ते लगेच अंगीकारले. हा प्रसंग आमच्या मते पुतळ्यांपेक्षा चित्रांत सांगण्यासारखा आहे. नागपूरच्या सवी सावरकरांनी थुंकीचे मडके आणि पाठीला झाडू बांधलेली माणसे कॅनव्हासवर आणली. महाडच्या त्या बायका रंगवण्याचे काम पुष्कळ बाकी आहे.

आता आपल्या घरातले बोलू. 20 मार्च आणि 25 डिसेंबरला महाडला आपण लाखोंनी जातो, पुस्तके विकत घेतो, जलसे ऐकतो. पण रस्त्यावरच्या बॅनरवर बाबासाहेबांपेक्षा स्थानिक नेत्याचा फोटो मोठा असतो आणि डीजेपुढे शाहिराचा आवाज बुडतो. दासगावला किती जण उतरतात? मार्चच्या परिषदेसाठी राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे या दासगावचे, आणि त्यांच्याही आधी 1888 साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर याच परिसरातले. बसमधून थेट क्रांतिस्तंभ आणि परत बस, एवढ्यात हे सगळे सुटते.

2027 मध्ये दोन्ही घटनांची शंभरी. सरकारी महोत्सव झाला तर रोषणाई होईल, गायक येतील, पुढच्या रांगेत खुर्च्या राखीव असतील. त्याला विरोध करून वेळ घालवू नये, आपली तयारी वेगळी करावी. रायगड जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांत ज्या घरांतून आजे-पणजे परिषदेला गेले, तिथल्या आठवणी आणि जुने फोटो या हिवाळ्यात गोळा करता येतील. आठवण सांगणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हायकोर्टाच्या निकालाचे सोपे मराठी करता येईल. आणि 24 डिसेंबरला दिघीच्या जेट्टीवर, फेरीची वाट पाहणाऱ्या पर्यटकांच्या रांगेशेजारी, पद्मावतीच्या मार्गाचा नकाशा लावता येईल: मुंबई, जंजिरा, हरिहरेश्वर, दासगाव, आणि शेवटचे पाच मैल पायी.