चेरीचे झाड आणि माहूरचे परस

मृगाचा पाऊस जवळ आला की रोपे विकणारे गावोगाव हिंडू लागतात. आंबा, पेरू, लिंबू ही ओळखीची रोपे असतातच. पण अलीकडे त्यांच्यात एखादे रोप असे असते की त्याच्या गळ्यात लालभडक घोसाचे चित्र अडकवलेले दिसते आणि खाली लिहिलेले असते, 'गोड चेरी'. शाळेतली मुले ते चित्र पाहून हरखतात, घरधनीही क्षणभर थबकतो. परसात एकच झाड लावण्यापुरती जागा आणि त्याच्यापुरतेच सांडपाणी असते. तेव्हा प्रश्न असा पडतो की, हे झाड माहूरच्या परसात फळेल का?

उत्तर एका शब्दात सांगायचे तर, नाही. पण नुसते 'नाही' म्हटल्याने मुलांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. हे 'नाही' कुठून आले ते पाहायला गेले तर रोम, काबूल, काश्मीर असा फेरफटका मारून आपण पुन्हा पैनगंगेच्या काठी येऊन पोचतो. तोच फेरफटका आज करू या.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याने असे लिहून ठेवले आहे की, लुकुल्लस या सेनापतीने पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्यावर विजय मिळवला, त्याच्या आधी इटलीत चेरीचे झाड नव्हते. ते लुकुल्लसाने आणले, आणि पुढच्या १२० वर्षांत ते समुद्र ओलांडून ब्रिटनपर्यंत गेले. काळ्या समुद्राच्या काठी केरासूस नावाचे गाव होते; आज ते तुर्कस्तानात असून त्याला गिरेसून म्हणतात. चेरीचे युरोपातले नाव या गावाशी जोडले जाते. आता रानटी चेरी युरोपच्या जंगलांत त्याआधीही होती, असे आजचे अभ्यासक सांगतात. तेव्हा लुकुल्लसाने आणली ती बहुधा मोठ्या, गोड फळाची लागवडीची जात असावी. काही असो, लढाईवर गेलेला सेनापती परत येताना लुटीबरोबर एक झाडही घेऊन आला, ही गोष्ट दोन हजार वर्षे लोकांच्या लक्षात राहिली.

आपल्या देशातली कथा याहून जवळची आहे. बादशहा जहांगीर हा फळाफुलांचा मोठा शौकीन. १६२० साली तो काश्मिरात होता. आपल्या आठवणींत त्याने नोंद केली आहे की, वडिलांच्या, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीपूर्वी काश्मिरात चेरी मुळीच नव्हती. मुहम्मद कुली अफशार नावाच्या माणसाने ती काबूलहून आणून लावली, आणि आता फळ देणारी दहापंधरा झाडे झाली आहेत. पाहा, ज्या खोऱ्यातून आज देशातली बहुतेक चेरी बाजारात येते, त्या खोऱ्यात चारशे वर्षांपूर्वी मोजून दहापंधरा झाडे होती!

नावाचीही एक गंमत जहांगीराने सांगितली आहे. या फळाचे फारसी नाव 'गिलास'. पण तो शब्द पालीसारख्या एका प्राण्याच्या नावाशी जुळे. बादशहाच्या ताटात असे नाव कसे शोभावे? म्हणून अकबराने त्याचे नाव बदलून 'शाहआलू' असे ठेवले.

आता तुम्ही म्हणाल, यात आमचे माहूर कुठे आले? तेही येते. १६२० साली बाप काश्मिरात चेरीची झाडे मोजत होता, आणि १६२३ साली त्याचाच मुलगा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून, हार खाऊन दक्षिणेत पळत होता. बुऱ्हाणपूरजवळ भर पावसात तापी उतरून तो माहूरला आला. जड सामान आणि हत्ती त्याने इथल्या किल्ल्यात उदाराम या सरदाराच्या हवाली केले आणि तो गोवळकोंड्याच्या मुलखात उतरला. याच उदाराम घराण्यातली सून सावित्रीबाई पुढे रायबागन म्हणून नावाला आली. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेबरोबर तीही होती, हे आपल्या शिक्षकबंधूंना ठाऊक आहेच. सांगायचा मुद्दा असा की, दिल्लीच्या तख्ताला माहूर अपरिचित नव्हते. हत्ती इथे आले, फौजा आल्या, फर्माने आली. पण काश्मीरची चेरी इथे रुजली नाही. बादशहाला फळाचे नाव बदलता आले. गावाची हवा बदलणे त्याच्याही हातात नव्हते.

हवेचा हा काय प्रकार आहे, ते नीट समजून घेऊ. चेरी ही गुलाबाच्या कुळातली. आलुबुखार, जर्दाळू, बदाम ही तिची भावंडे. थंड मुलखात हिवाळा आला की हे झाड पाने टाकते आणि झोपी जाते. कळ्या डहाळीवर तयार असतात, पण मिटून बसतात. मध्येच दोन दिवस ऊन पडले म्हणून त्या फुलल्या, तर पुढच्या बर्फात मरतील. म्हणून झाड जणू थंडीचे तास मोजत राहते. पुरेसे तास भरले, म्हणजे हिवाळा खरोखरच सरला असे धरून ते जागे होते. गोड चेरीच्या बहुतेक जातींना सात अंश सेल्सिअसच्या खाली असे ८०० ते १२०० तास लागतात. रोज बारा तास तेवढी थंडी पडते असे धरले, तरी हा हिशेब सुमारे सत्तर ते शंभर दिवसांचा झाला. आपल्याकडे पौषातल्या काही पहाटे हुडहुडी भरवतात खऱ्या, पण दिवस वर आला की अंगातली घोंगडी काढावी लागते. झाडाचा हिशेब पुरा होत नाही. कळ्या अर्धवट फुटतात, पाने विरळ येतात, आणि त्यावर मग चाळीस अंशांच्या वरचा वैशाख येतो. कमी थंडीत फळणाऱ्या काही जाती अमेरिकेत निघाल्या आहेत, पण त्यांनाही दोनतीनशे तास लागतातच.

दुसरी अडचण परागाची. गोड चेरीच्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. जवळपास दुसऱ्या जातीचे झाड हवे, तेही त्याच दिवसांत फुलणारे हवे, आणि मधमाश्या हव्यात. एकट्या झाडावर फळ धरणारी 'स्टेला' ही जात कॅनडातल्या संशोधकांनी १९६८ साली दिली. तोवर बागाईतदार दोन जाती शेजारी शेजारी लावूनच काम भागवीत. तेव्हा परसात एकुलते एक रोप लावून घोसाची वाट पाहणाऱ्याची थंड मुलखातही निराशाच होण्याचा संभव जास्त.

मग ती चित्राची चिठ्ठी काय सांगत होती? इथे दुसरा इतिहास सुरू होतो, तो नावांचा. आपल्याकडे 'चेरी' म्हणून मिळणाऱ्या रोपांत एक असते सिंगापूर चेरीचे. हे झाड झपाट्याने वाढते, सावली धरते, गोडसर लाल फळे देते, आणि पाखरे त्याच्यावर तुटून पडतात. पण ते ना चेरीच्या कुळातले, ना मूळचे सिंगापूरचे. त्याचे माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे. दुसरे असते बार्बाडोस चेरीचे. तेही त्याच बाजूचे. फळ आंबटगोड, आणि क जीवनसत्त्वाने भरलेले. ही दोन्ही झाडे वाईट नव्हेत. शाळेच्या आवारात सिंगापूर चेरी अवश्य लावावी. पण ती ओळखून लावावी. काश्मीरच्या चेरीची किंमत देऊन नव्हे.

आणि तिसरी चेरी तर आपण सर्वांनी खाल्ली आहे. केकवर आणि पानाच्या विड्यावर जी लाल, गुळगुळीत चेरी ठेवतात, ती आपल्या देशात पुष्कळदा चेरी नसतेच. ते असते करवंद! बी काढून, लाल रंग देऊन, साखरेच्या पाकात मुरवलेले. ज्या काटेरी जाळीत हात घालून आपण लहानपणी चीक आणि ओरखडे अंगावर घेतले, तीच करवंदे शहरात जाऊन परदेशी नाव लावून परत येतात. माहूरच्या रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल. त्याला अशा चेरीची गरज कधी पडली नाही. पण खाली बाजारातल्या विड्यावर ती दिसली, तर मुलांना जरूर सांगा की बाळांनो, हिचे गाव दूर नाही.

तर मग परसात काय लावावे? नवरात्रात माहूरला गेलात तर याचे उत्तर बाजारात मिळते. आश्विनात सीताफळाचा हंगाम भरात असतो. सीताफळाचे नाव सीतामाईशी जोडलेले, वनवासाच्या कथा त्याच्याभोवती विणलेल्या. तरी वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे माहेरही उष्ण अमेरिकेतच मानतात, आणि पोर्तुगिजांच्या काळात ते इकडे आले असे सांगतात. कनिंगहॅम या पुरातत्त्ववेत्त्याला भारहूतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळ दिसले होते, त्यामुळे हा वाद बराच रंगला. वादाचा निकाल काहीही लागो, झाडाने आपला निकाल केव्हाच दिला आहे. थंडीचे तास त्याला लागत नाहीत. मुरमाड जमीन त्याला चालते. उन्हाळ्यात पाणी नसले तर ते पाने गाळून गुपचूप बसते आणि पावसाबरोबर पुन्हा पालवते. शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाचाही खर्च नाही. बी पेरले तरी तीनचार वर्षांत फळ हाती येते. दौलताबादच्या पायथ्याची, बालाघाटातली सीताफळे नावाजलेली आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

म्हणजे पाहा, चेरी परकी म्हणून रुजली नाही आणि सीताफळ आपले म्हणून रुजले, असे मुळीच नाही. दोन्ही पाहुणेच. एकाला इथली हवा मानवली, दुसऱ्याला नाही. मानवले त्याला लोकांनी सीतेचे नाव देऊन घरात घेतले.

शिक्षकबंधूंना शेवटी एक विनंती आहे. काबूलहून काश्मिरात चेरी नेणाऱ्या मुहम्मद कुली अफशारचे नाव आज आपल्याला कळते, ते कुणीतरी लिहून ठेवले म्हणून. तुमच्या गावात पहिला कलमी आंबा कुणी आणला? विहिरीकाठचे रामफळ कुणाच्या आजीने माहेरहून आणून लावले? ज्यांना हे ठाऊक आहे, ती माणसे आता थकली आहेत. मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. झाडाचे नाव, लावणाऱ्याचे नाव, कुठून आणले, कोणत्या साली आणले, एवढे चारच रकाने पुरेत. साल आठवत नसेल तर 'मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी' किंवा 'थोरलीच्या लग्नात' असे लिहिले तरी चालेल. ही वही शाळेच्या कपाटात ठेवा, आणि यंदा आवारात जे रोप लावाल, त्याची नोंद तिच्यात शेवटी करा.