यष्टी, मुनशीपालटी आणि हसाजी

भोगावतीच्या काठचे पेण आणि कुंडलिकेच्या काठचे रोहे ही दोन्ही गावे समुद्रकिनाऱ्यापासून आत वसलेली असली, तरी भरतीच्या पाण्याबरोबर गलबते अंतोऱ्याच्या बंदराला लागत आणि रेवदंड्याच्या मुखातून कुंडलिकेत शिरत; आणि त्या गलबतांतून मीठ, भात व कापड यांची जशी ने-आण होई, तशीच, कोणत्याही जकातनाक्यावर नोंद न होता, परक्या शब्दांचीही आवक होत असे. हे शब्द येथील माणसांच्या कानांवर पडले, जिभेवर वळले, वळताना मोडले, आणि त्यांच्या मोडक्या रूपांवरून घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या हशा पिकत आला. आजीने 'म्युनिसिपालिटी'ला 'मुनशीपालटी' म्हणावे आणि नुकतेच इंग्रजी शिकू लागलेल्या नातवाने पोट धरून हसावे, हा प्रसंग या दोन गावांतील कोणत्या घरात घडला नसेल? परंतु ज्याला आपण आजीची चूक म्हणतो, तिचे कूळ फार जुने आणि फार सन्मान्य आहे, आणि ते शोधावयाचे तर चौलपासून आरंभ करावा लागतो.

१५२१ साली निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी चौलास पाय रोवला आणि १७४० साली ते ठाणे मराठ्यांच्या स्वाधीन केले. या दोनशेहून अधिक वर्षांत कुंडलिकेच्या मुखापाशी जी भाषा चालत होती, तिच्यातला 'लेइलांव' आमच्या कचेऱ्यांत लिलाव होऊन बसला, 'त्रोंकू'चा तुरुंग झाला, 'गामेला'चे घमेले झाले, आणि अफोन्सो या भारदस्त नावाचा आंबा हापूस म्हणून घरोघर अढीत पिकू लागला. ज्या कोणा कुळंबी-भंडाऱ्याने पहिल्यांदा हे उच्चार केले असतील, त्याला कोठीवरचा फिरंगी कारकून निःसंशय हसला असेल; आज ते शब्द मराठी आहेत आणि तो कारकून विस्मृतीत गेला आहे. खाडीपलीकडच्या कोर्लईत मात्र उलट चमत्कार घडला. तेथील ख्रिस्ती वस्तीने पोर्तुगीजच आपल्या पद्धतीने मोडून-जोडून घेतली, तिला 'नो लिंग' म्हणजे आमची भाषा असे नाव दिले, आणि लिस्बनच्या वैयाकरणाला जी केवळ अपभ्रंशांची रास वाटेल, ती बोली फिरंगी गेल्यावरही अडीचशे वर्षांहून अधिक काळ घरात जिवंत ठेवली.

फारशीची गोष्ट याहून मोठी आहे, कारण ती बाजारातून आली नाही, दप्तरातून आली. फर्दनवीसाचा फडणीस झाला, फारसीनवीसाचा पारसनीस, वाकिआनवीसाचा वाकनीस. 'नवीस' म्हणजे लिहिणारा, एवढे ज्ञान ज्यांच्या पूर्वजांना होते, त्यांच्याच घराण्यांनी पुढे 'नीस' हे आपले आडनाव म्हणून अभिमानाने मिरवले. मुआमलादाराचा मामलेदार आणि सररिश्तादाराचा शिरस्तेदार होण्यासही अशीच कोणाची तरी घाईची जीभ कारणीभूत झाली असली पाहिजे. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे कार्य थोरच होते. तथापि अमात्य, सचिव अशी मोठ्या पदांची नावे सोडली, तर पेणच्या मामलेदार कचेरीत येणाऱ्या रयतेने तपशील, फिर्याद आणि ताकीद हे आपल्या तोंडी घोळून गुळगुळीत झालेले शब्दच जवळचे मानले.

माणसांच्या नावांवरही हाच संस्कार झाला. हॉलंडकर ते वलंदेज, डेन्मार्कचे ते डिंगमार, जनरल गॉडर्ड तो गाडर. यांत सर्वांत हृद्य उदाहरण कॅप्टन जेम्स स्टुअर्टचे आहे. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज पनवेलच्या वाटेने, म्हणजे पेणच्या अगदी शेजारून, बोरघाट चढली, आणि पुढच्या जानेवारीत कार्ल्यापाशी हा स्टुअर्ट मारला गेला. शत्रूच्या शौर्याची कदर करणाऱ्या मराठ्यांनी त्याला 'इष्टूर फाकडा' म्हटले. आरंभीचे जोडाक्षर न पेलल्याने जिभेने त्यामागे 'इ' लावला, शेवटचे अक्षर सोडून दिले, आणि त्या तुटक्या नावाला फाकडा ही पदवी जोडली. ज्याचे नाव धड उच्चारता येत नव्हते, त्याचा एवढा गौरव क्वचितच कोणत्या सैन्याने केला असेल.

आणि आता या प्रदेशातील बेने इस्रायलांकडे वळतो, कारण या विषयात माझ्या मते त्यांच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले अशी परंपरा सांगणारा हा यहुदी समाज कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या, गावोगाव पसरला, तेलाचे घाणे चालवू लागला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली असे नाव दिले. गावावरून त्यांची आडनावे पडली, त्यांत पेणकर आहेत आणि रोहेकरही आहेत. बायबलातील इझिकेल या प्रेषिताला त्यांनी हसाजी केले, सॅम्युअलला समाजी, मोझेसला मुसाजी, आयझॅकला इसाजी. रस्त्यावरून हाक ऐकणाऱ्याला हा हसाजी कोणी मावळातला पाटील वाटावा! १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे आपल्या लोकांत समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात, आणि त्या मंदिरालाही त्यांचे लोक मशीद म्हणत. जेरुसलेमच्या पंडिताला हे सर्व अशुद्ध वाटले असते. पण शेकडो वर्षे ग्रंथ आणि आचार्य यांच्यावाचून राहिलेल्या या समाजाने शब्बाथ, सुंता आणि 'शेमा'ची प्रार्थना सोडली नाही, आणि प्रेषितांची नावे शेजाऱ्याच्या जिभेला सोसतील अशी करून घेतली, म्हणूनच ती नावे रोजच्या हाकेत राहिली असावीत असे मला वाटते.

इंग्रजी अमलात शब्दांचा ओघ वाढला. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला, पेण व रोहे येथे नगरपालिका आल्या, आणि त्या संस्थेच्या दुर्घट नावात लोकांना आपल्या परिचयाचा 'मुनशी' सापडला, तेव्हा त्यांनी त्याला तेथेच खुर्ची दिली. शाळा तपासावयास येणारा डेप्युटी हा 'दिपोटी' झाला, आणि त्याच्या आगमनाच्या वार्तेने मास्तरांचेच उच्चार अधिक अडखळत. पुढे १९४८ साली राज्य परिवहनाच्या गाड्या सुरू झाल्या आणि एस.टी. या दोन अक्षरांची 'यष्टी' झाली. संस्कृतात यष्टी म्हणजे काठी, हे ठाऊक नसणाऱ्या माणसाने नकळत एक शुद्ध तत्सम शब्द घडवला! ज्या रोह्यात लहानाचे मोठे झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून पुढे मेघदूताचे मराठीकरण करते झाले, त्याच रोह्यात 'यष्टी चुकली' म्हणणारी माणसेही नांदली, आणि मला तरी या दोहोंचा सारखाच अभिमान वाटतो. १९८६ साली रोह्यापर्यंत आगगाडी आली, तिचे ठेसन झाले. स्टुअर्टला जिथे 'इ' लावला होता, तिथे स्टेशनचा 'स' गाळला. अवघड जोडाक्षरावर कोकणच्या जिभेपाशी हे दोन्ही उपाय पूर्वीपासून आहेत.

एका गोष्टीविषयी मात्र मी गंभीर आहे. पेणच्या खारेपाटातील आगरी माणूस होडीला होरी म्हणतो, घोड्याला घोरा, काळ्याला काला. यात चूक कोठेच नाही. 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' तेथे नियमाने होतो, आणि ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींमध्ये आगरीची रीतसर नोंद आहे. घरात आजीला नातू हसतो, तेव्हा आजीही हसते आणि पुढच्या क्षणी पुन्हा 'मुनशीपालटी' म्हणते, कारण त्या हशात माया असते. वर्गात मात्र 'होरी' म्हणणाऱ्या पोराला उभे करून सर्वांनी हसावे, ही रीत मला मनापासून खटकते. शाळेने त्याला होडी शिकवावी, ते तिचे कर्तव्यच आहे. पण हशाने ओशाळलेली पोरे पुढे घरी आईशीही पुस्तकी बोलू लागलेली मी पाहिली आहेत, आणि मग मिठागरातील कोंड्या-बांधांचे, चिखलाचे, वाऱ्या-पाण्याचे कितीतरी शब्द, ज्यांना शाळेच्या पुस्तकात प्रतिशब्दच नाही, एका पिढीत त्या घरातून नाहीसे होतात.