खोताच्या वाडीतील घरे

गिरगावची खोताची वाडी पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि कौलारू छपरांची, लाकडी ओट्यांची, बाहेरून जिना चढणारी घरे उभी राहिली. एके काळी ती सुमारे 65 होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत.

1995 साली मुंबईत वारसा-नियमावली लागू झाली व वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीला कडक संरक्षण, तिसरीत फेरबदलास बरीच मोकळीक. तेव्हा यादीत नाव आले म्हणजे घर वाचले, असे नव्हे. बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकास तो अन्यत्र वापरता यावा, अशी तरतूद नियमावलीने केली. परंतु कुजलेली तुळई तोवर थांबत नाही. त्यातच भावंडांत वाटे पडलेले असतात आणि बिल्डरचा धनादेश सर्वांनाच मोह घालतो.

म्हणून संरक्षणाच्या अर्जाआधी कुटुंबाचे एकमत हवे आणि अर्जामागे दुरुस्तीचा निधी. पूर्वजांनी ओटा रस्त्याकडे तोंड करून बांधला, तो शेजाऱ्याशी बोलण्यासाठी. तो पाडला तर केवळ लाकूड जात नाही, शेजारही जातो.