संगणकीय गोल्फमधील हौशी मैदानरचना आणि 'लिडो'ची पुनर्निर्मिती : साधनचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना

संगणकावरील खेळ म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे गंभीर अभ्यासाबाहेरचा विषय, अशी धारणा इतिहासाच्या क्षेत्रात दीर्घकाळ रूढ आहे. तथापि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०२३ साली खुले झालेले 'द लिडो' हे गोल्फचे मैदान या धारणेचा फेरविचार करावयास लावते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नष्ट झालेल्या एका मैदानाची ही प्रत्यक्ष भूमीवरील पुनर्निर्मिती असून तिला आधारभूत ठरलेली प्रतिकृती एका हौशी गोल्फप्रेमीने संगणकीय खेळात तयार केली होती. अशी हौशी मैदानरचना कशी विकसित झाली आणि तिच्यातून निर्माण झालेल्या प्रतिकृतीला ऐतिहासिक साधन म्हणून कितपत मान्यता द्यावी, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हौशी रचनेची परंपरा

खेळणाऱ्याने स्वतःच मैदान रचावे, ही कल्पना नवी नाही. १९८६ साली अ‍ॅकोलेड कंपनीचा 'मीन १८' आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'वर्ल्ड टूर गोल्फ' हे दोन खेळ आले. दोहोंत मैदान तयार करण्याची सोय होती. १९९० च्या 'जॅक निकलॉस अनलिमिटेड गोल्फ अँड कोर्स डिझाइन' या खेळात तर ही सोय नावातच आली. त्याच वर्षी सॉल्ट लेक सिटी येथील अ‍ॅक्सेस सॉफ्टवेअर कंपनीने 'लिंक्स' हा खेळ काढला. तिचे धोरण वेगळे होते. प्रत्यक्षातील प्रसिद्ध मैदानांच्या प्रतिकृती कंपनी स्वतः तयार करी आणि त्यांच्या डिस्क स्वतंत्रपणे विकी. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. 'लिंक्स २००१' या आवृत्तीबरोबर अरनॉल्ड पामर यांच्या नावाचे रचनासाधन ग्राहकांच्या हाती आले आणि तोवर विक्रेत्याकडे असलेले काम हौशी मंडळींकडे सरकले. संगणकावरील 'लिंक्स'ची मालिका २००३ च्या आवृत्तीनंतर पुढे गेली नाही. परंतु तिच्यासाठी मैदाने रचणारे त्यानंतरही ती रचत राहिले. २०१४ मध्ये कॅनडातील एचबी स्टुडिओजने काढलेल्या 'द गोल्फ क्लब' या खेळात तर ग्राहकांनी रचलेली मैदाने हाच मुख्य आशय ठरला.

या छंदामागे एक सामाजिक कारणही आहे, त्याची नोंद घ्यावयास हवी. गोल्फची अनेक नामांकित मैदाने खासगी क्लबांच्या मालकीची आहेत. ऑगस्टा नॅशनलसारख्या क्लबचे सदस्यत्व निमंत्रणाशिवाय मिळत नाही. ज्या जमिनीवर पाऊल ठेवण्याची शक्यता नाही, तिचे चढउतार छायाचित्रे व दूरचित्रवाणीवरील दृश्ये पाहून जुळवणे हा हौशी रचनाकाराचा आवडता उद्योग झाला. अभिलेखागारात न जाताच, परंतु साधने ताडून पाहण्याची सवय त्यांना लागली ती अशी.

लिडो : मूळ आणि प्रतिकृती

न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, दलदलीच्या जागी, चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात लिडोचे मैदान उभारले. अभियंता सेथ रेनर त्यांचे सहकारी होते. जवळच्या खाडीतून सुमारे २० लाख घनयार्ड वाळू उपसून भर घालण्यात आली. म्हणजे तेथील प्रत्येक उंचवटा मानवनिर्मित होता. या मैदानाच्या अठराव्या होलची कथा विशेष आहे. इंग्लंडमधील 'कंट्री लाइफ' या नियतकालिकाने १९१४ साली आदर्श होलच्या रेखाचित्रांची स्पर्धा घेतली होती. तीत अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांचे रेखाचित्र पहिले आले आणि मॅकडोनाल्ड यांनी त्याच्या आधारे अठरावे होल बांधले. वैद्यकीचे शिक्षण घेतलेले मॅकेंझी पुढे ऑगस्टाचे रचनाकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. कागदावर, एका स्पर्धेसाठी कल्पिलेली रचना जमिनीवर उतरण्याचा प्रकार लिडोच्या बाबतीत असा एकदा नव्हे, दोनदा घडला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ही जागा ताब्यात घेतली आणि मैदान नाहीसे झाले. पीटर फ्लोरी या हौशी गोल्फप्रेमीने जुनी छायाचित्रे, हवाई छायाचित्रे आणि तत्कालीन लेखन यांच्या आधारे 'द गोल्फ क्लब' मालिकेतील रचनासाधन वापरून ते पुन्हा उभे केले. सँड व्हॅली या गोल्फस्थळाच्या मालकांनी ते काम प्रत्यक्षात आणण्याचे ठरविले व मैदानरचनाकार टॉम डोक यांच्याकडे ते सोपविले. प्रतिकृतीतील उंचसखलपणाची माहिती नकाशात रूपांतरित करून उपग्रहाधारित स्थाननिर्देशनाने चालणाऱ्या यंत्रांना पुरविण्यात आली. मूळ जमीनच कृत्रिम असल्यामुळे समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वाळूवर ती पुन्हा घडविता आली. समुद्राचा वारा मात्र तेथे नाही.

साधन म्हणून मूल्य

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थबकावयास हवे. मराठ्यांच्या इतिहासाच्या संपादकांनी अस्सल आणि नक्कल हा भेद कटाक्षाने पाळला. कागद फाटला असेल तर तेथे तसे नमूद करावे, गेलेली अक्षरे आपल्या मनाने भरू नयेत, हा त्यांचा दंडक होता. संगणकीय रचनासाधनात ही सोय नाही. होलची लांबी, दिशा, वाळूच्या खड्ड्यांची जागा या गोष्टी हवाई छायाचित्रावरून बऱ्याच खात्रीने ठरविता येतात. पण ग्रीनचा, म्हणजे छिद्राभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, इंच-दोन इंचांचा उतार वरून घेतलेल्या छायाचित्रात दिसत नाही. जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रातील सावल्यांवरून, किंवा मॅकडोनाल्ड यांच्या 'नॅशनल गोल्फ लिंक्स'सारख्या टिकून असलेल्या मैदानांशी तुलना करून, तो तर्काने ठरवावा लागतो. आणि संगणकाला तर प्रत्येक बिंदूची उंची हवी असते; 'येथे माहिती नाही' असे त्याला सांगता येत नाही. परिणामी पुराव्यावर उभा असलेला उंचवटा आणि अनुमानाने घातलेला उंचवटा पडद्यावर सारखेच दिसतात. यंत्राने ते जमिनीत कोरल्यावर आणि वर गवत उगवल्यावर तर भेद कळण्याचा मार्गच उरत नाही.

असे असले तरी हे काम केवळ कल्पनाविलास ठरत नाही. लिखित पुनर्रचनेपेक्षा त्याचा एक लाभ निश्चित आहे. एखाद्या समकालीन लेखकाने अमुक ठिकाणाहून ध्वज दिसत नसे असे लिहिले असेल, तर प्रतिकृतीत त्या ठिकाणी उभे राहून ते तपासता येते आणि चुकीचे अनुमान मागे घेता येते. दोष आहे तो नोंदींच्या अभावाचा. कोणता उतार कोणत्या छायाचित्रावरून ठरविला, कोठे अंदाज केला, याची टिपणे प्रतिकृतीला जोडलेली नसतात. खेळात ती जोडण्याची जागाही नसते.

शिवाय जतनाचा प्रश्न आहे. १९९० च्या दशकातील हौशी मैदाने फ्लॉपीवर होती. ती वापरणाऱ्याच्या घरात राहत. 'द गोल्फ क्लब'मध्ये प्रकाशित झालेली मैदाने कंपनीच्या सर्व्हरवर साठविली गेली आणि ती पाहण्यासाठी तो खेळच चालू असावा लागतो. मॅकेंझी यांचे १९१४ चे रेखाचित्र छापील अंकात असल्यामुळे ते पाहण्यास ग्रंथालय पुरेसे आहे.