अंबरनाथचा शिलालेख आणि रक्षकवर्गाचें वेतन

कल्याणच्या आग्नेयेस वालधुनी नदीच्या कांठीं असलेलें अंबरनाथचें शिवालय आमच्या वाचकांस नवें नाहीं. शके ९८२ (इ. स. १०६०) मधील श्रावण शुद्ध नवमीचा जो लेख तेथें आहे, त्याची चर्चाहि पुष्कळ झालेली आहे. प्रथमच्या वाचनांत त्याचा शक ७८२ असा लागला होता. तो पुढें ९८२ ठरला, आणि देवालय उत्तर कोंकणच्या शिलाहारांपैकीं मम्वाणि ऊर्फ मुम्मुणि याच्या अमदानींतील, हें निश्चित झालें. शक आणि वंश हातीं लागले म्हणजे लेखाचें काम संपलें असें समजण्याची आपल्याकडे चाल आहे. प्रस्तुत लेखकाचें लक्ष मात्र राजाच्या बिरुदावलीमागोमाग येणाऱ्या अधिकाऱ्यांकडे अधिक जातें. महामात्य, महासांधिविग्रहिक अशा मोठ्या हुद्देदारांचा तेथें उल्लेख आहे. यांस काय मिळे? आणि यांच्या सत्तेखालीं जे अनामिक लोक रात्रीं पहारा करीत व चोराच्या मागावर जात, त्यांचें पोट कशावर चाले?

हा प्रश्न आतांच मनांत येण्यास एक निमित्त घडलें. इ. स. २०२२ मध्यें महाराष्ट्र शासनानें आपल्या पोलीस दलांतून ‘पोलीस नाईक’ हा हुद्दा काढून टाकला. शिपायानें यापुढें बढती मिळतांच हवालदार व्हावें, मधली पायरी नसावी, असा त्या निर्णयाचा आशय आहे. शिपायांस त्यांत लाभ आहे, यांत संशय नाहीं. परंतु ‘नायक’ हा शब्द वेतनाच्या याद्यांत कौटिल्याच्या काळापासून चालत आलेला आहे. तो रक्षकांच्या हजेरीपटावरून पुसला जात असतां त्याच्या मागील हिशेब एकवार मांडून पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

अंबरनाथचा लेख वेतनाविषयीं मुका आहे, आणि शिलाहारांचे ताम्रपटहि तितकेच मुके आहेत. त्यांत राष्ट्रपति, विषयपति, नगरपति, ग्रामपति अशी अधिकाऱ्यांची उतरती परंपरा संबोधिलेली असते, पण आंकडा कोठेंहि नसतो. मात्र दान दिलेल्या गांवास ‘अचाटभटप्रवेश’ असें एक विशेषण लावलेलें आढळतें. चाट आणि भट म्हणजे राजाचे शिपाईप्यादे. त्यांनीं त्या गांवांत पाऊल टाकूं नये, अशी ही सूट. राजाचा रक्षक गांवांत येणें ही गांवाच्या दृष्टीनें खर्चाची बाब होती. त्याचें अन्न, अंथरूण, बैल, लांकूडफाटा हें सर्व गांवकऱ्यांच्या माथीं बसे. दान घेणारा ब्राह्मण ही सूट आग्रहानें ताम्रपटावर कोरून घेई, त्या अर्थी तो बोजा लहान नसावा. ज्यास आपण आज ‘भत्ता’ म्हणतों, तो त्या काळीं असा घरोघर जाऊन वसूल होत असे.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत हीच व्यवस्था नियमरूपानें सांगितली आहे. गांवकऱ्यांनीं राजास रोज द्यावयाचें अन्न, पान, इंधन इत्यादि ग्रामाधिपतीनें घ्यावें. दहा गांवांच्या अधिपतीस एक कुल जमीन, वीस गांवांच्या अधिपतीस पांच कुलें, शंभरांच्या अधिपतीस एक गांव आणि सहस्राधिपतीस एक नगर. कांहीं आधुनिक लेखक या उतरंडीस बढतीची शिडी समजतात, तें आम्हांस पटत नाहीं. एका गांवाच्या अधिपतीनें चांगलें काम केलें असतां त्यास दहा गांवें मिळावीं, असें मनु कोठेंहि म्हणत नाहीं. पुढें थोड्याच श्लोकांनंतर तो असा इशारा देतो कीं, रक्षणाच्या कामीं नेमलेले राजाचे सेवक बहुधा दुसऱ्याचें धन घेणारे व लबाड असतात, त्यांच्यापासून प्रजेस राखावें. नेमणूक ज्यांच्याकडून वसूल करावयाची, रक्षणहि त्यांचेंच करावयाचें, अशी योजना त्यानेंच चार श्लोक मागें सांगितली आहे! टीकाकारांस या दोन वचनांतील संबंध कसा जाणवला नाहीं, याचें आश्चर्य वाटतें.

कौटिल्याचा मार्ग निराळा. इ. स. १९०९ मध्यें म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्याच्या पांचव्या अधिकरणांतील ‘भृत्यभरणीय’ प्रकरण अभ्यासकांपुढें आहे. मंत्री, पुरोहित, सेनापति, युवराज यांस ४८,००० पण. समाहर्ता, सन्निधाता यांस २४,०००. नायक, पौरव्यावहारिक, राष्ट्रपाल, अंतपाल यांस १२,०००. आणि खालीं येतां येतां शिकलेल्या पायदळ शिपायास व ग्रामभृतकास ५००. हे आंकडे वार्षिक होत, असेंच बहुतेकांचें मत आहे. ही कोणा राज्याची प्रत्यक्ष जमाखर्चाची वही नव्हे, शास्त्रकाराची योजना आहे, हें विसरूं नये. तथापि तिच्यामागील विचार स्पष्ट आहे. अधिकारी फितूर होऊं नये इतकें वेतन असावें, विद्या व काम पाहून त्यांत विशेष करावा, आणि कामावर असतां जो मरेल त्याच्या बायकामुलांस ‘भक्तवेतन’ मिळावें. ‘भक्त’ म्हणजे अन्न. त्यापासूनच आपला भात आणि आपला भत्ताहि आला. सरकारी कागदांतील ‘वेतन व भत्ते’ हा जोडशब्द कौटिल्याच्या या समासाची उलटापालट होय. राष्ट्राच्या उत्पन्नांत तो ‘चोररज्जु’ नांवाची एक बाब धरतो, ती चोरांच्या बंदोबस्तासाठीं घेतलेली पट्टी असावी, असा अर्थ लावतात. म्हणजे प्रजेनें द्यावयाचें तें खजिन्यांत द्यावें, आणि रक्षकानें खजिन्यांतून घ्यावें.

या दोन पद्धतींपैकीं महाराष्ट्राच्या खेड्यांत टिकली ती पहिली. तिचा सर्वांत विलक्षण भाग म्हणजे चोरीची भरपाई. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत असा नियम आहे कीं, चोर गांवाबाहेर गेल्याची खूण नसेल तर दोष ग्रामाधिपतीचा. कुरणांत चोरी झाल्यास कुरणाच्या अधिकाऱ्याचा. आणि वाटेवर इतरत्र झाल्यास चौरोद्धर्त्याचा. आपल्या शिवेंत घडलें तर त्या गांवानें भरून द्यावें, अथवा पाऊल जेथें जाईल त्या गांवानें द्यावें. याच स्मृतीवर विस्तृत टीका लिहिणारा अपरार्क हा उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य होय. अंबरनाथच्या लेखांतील मम्वाणीच्याच कुळांतला, सुमारें पाऊणशें वर्षें पुढचा. ज्या राजघराण्याच्या मुलखांत हा नियम पाळावयाचा, त्याच घराण्यांतील पुरुषानें त्याचा अर्थ लिहावा, असा योग क्वचित्‌च जुळतो.

आतां इ. स. १८१९ चा एल्फिन्स्टनचा अहवाल पाहावा. पेशवाई नुकतीच बुडालेली होती. पाटील हा गांवच्या बंदोबस्तास जबाबदार, त्याच्या हाताखालीं गांवचा जागल्या. चोरी झाली असतां जागल्यानें माग काढीत शिवेपर्यंत जावें, माग दुसऱ्या गांवांत शिरला तर तेथील जागल्यास तो दाखवून मोकळें व्हावें, आणि ज्या गांवांत माग हरवेल त्या गांवावर भरपाई बसावी. एल्फिन्स्टनास संस्कृत येत नव्हतें, आणि माग काढणाऱ्या रामोशास किंवा महारास याज्ञवल्क्य ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तरी ‘पाऊल जेथें जाईल’ हा नियम सातआठशें वर्षांनंतर शिवेवर जशाचा तसा उभा होता. या रक्षकाचें वेतन म्हणजे बलुतें, थोडी इनाम जमीन आणि सणावाराचे मानपान. त्यांत वाढ नाहीं, बढतीहि नाहीं. जागल्याचा मुलगा जागल्या आणि पाटलाचा मुलगा पाटील. उलट माग हरवला तर वेतन घेणाऱ्यासच पदरचें द्यावें लागे.

पायऱ्यांची शिडी आली ती लष्कराकडून. सभासदानें शिवछत्रपतींच्या पायदळाची जी रचना सांगितली आहे तींत नऊ पाइकांवर दहावा नाईक, पांच नाइकांवर एक हवालदार, हवालदारांवर जुमलेदार आणि त्यावर हजारी. पायदळाच्या जुमलेदारास वर्षास १०० होन, हजारीस ५०० होन. घोडदळांत जुमलेदारास ५००, हजारीस १,०००, पंचहजारीस २,०००. वेतन रोख द्यावें, मुलूख लावून देऊं नये, हा महाराजांचा कटाक्ष प्रसिद्धच आहे. कौटिल्याचा बारा हजारांचा नायक येथें दहा माणसांवरचा नाईक झाला होता. तरी त्यास वर चढण्यास जागा होती, आणि वतनदारास ती नव्हती.

पुण्याच्या कोतवालीविषयीं येथें थोडक्यांतच लिहितों, कारण त्या विषयावर पुष्कळ लिहून झालें आहे. शिपाई, स्वार, रामोशी मिळून तिचा खर्च पेशवाईच्या अखेरीस दरमहा सुमारें नऊ हजार रुपये होता आणि शहरांत चोऱ्या थोड्या होत, अशी एल्फिन्स्टनची नोंद आहे. घाशीराम सावळादास १७७७ पासून कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्ट अखेरीस, कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर, लोकांनीं त्यास दगडांनीं ठेंचून मारलें. त्याची अपकीर्ति नाटकानें सर्वतोमुखीं केली. त्याच्या कचेरीचे जमाखर्च मात्र फार थोड्यांनीं चाळले आहेत.

इंग्रजी अंमल बसतांच पुरंदराकडील रामोश्यांचे किल्ल्याच्या रखवालीचे जुने हक्क गेले. ज्यांचें वेतन हाच त्यांचा हक्क होता, त्यांच्या हातीं कांहींच उरलें नाहीं. उमाजी नाईक यांचें बंड या अन्यायांतून पेटलें. मध्यंतरीं सरकारनें त्यांस माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावरहि घेतलें, पण तें टिकलें नाहीं, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास त्यांना फांशी झाली. येथें ‘नाईक’ हा कोणी दिलेला हुद्दा नव्हता, तो जमातीनें मानलेला पुढारीपणा होता.

पुढें १८६१ चा पोलीस कायदा आला, मुंबई इलाख्यांत १८६७ चा ग्रामपोलीस कायदा व १८९० चा जिल्हापोलीस कायदा आला. वेतनाच्या दृष्टीनें महत्त्वाचें ठरलें तें १९०२-०३ चें फ्रेझर कमिशन. शिपायाचा पगार दरमहा आठ रुपयांहून कमी नसावा असें त्यानें सुचविलें, यावरून त्यापूर्वीं काय मिळत असेल याची कल्पना येते. परंतु त्याच कमिशननें फौजदाराच्या जागा मुख्यतः बाहेरून, शिकलेल्या तरुणांतून थेट भराव्या असेंहि ठरविलें. त्यांच्या शिक्षणासाठीं १९०६ मध्यें भांबुर्ड्यास शाळा निघाली, ती १९०९ मध्यें नाशिकास गेली. शिपायाची शिडी हवालदारापाशीं बहुधा तुटली ती येथें. पगार वाढला आणि वाट आंखडली, असा हा दुहेरी व्यवहार होता.

हुद्द्यांचीं नांवें या काळांत कशीं खालीं आलीं, तेंहि पाहण्यासारखें आहे. मोगलाईंत फौजदार म्हणजे फौज बाळगणारा मुलखाचा अंमलदार. औरंगजेबाच्या उत्तरकाळीं कल्याणास बसलेला मातबरखान याच थाटानें कोंकणांतील किल्ले घेत होता. आज लोक फौजदार म्हणतात ते पोलीस उपनिरीक्षकास. शिवकालीं किल्ल्याचा मुख्य हवालदार असे. आज तो शिपायाहून एक पायरी वर. केवळ ‘ठाणें’ या शब्दाचा मान थोडा राहिला आहे. शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, तिचें ठाणें झालें. आणि अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथील पोलीस ठाणीं आज त्याच ठाण्याच्या पोलीस आयुक्तांच्या सत्तेखालीं आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या काळांत वेतनाचा असंतोष एकदां रस्त्यावर आला. १८ ऑगस्ट १९८२ रोजीं मुंबईच्या पोलीस शिपायांनीं बंड केलें आणि सैन्य बोलवावें लागलें. सातव्या वेतन आयोगाप्रमाणें महाराष्ट्रांत १ जानेवारी २०१६ पासून शिपायाचें मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून व उपनिरीक्षकाचें ३८,६०० पासून सुरू धरलें गेलें. राज्याच्या पोलीस महासंचालकाचें २,२५,०००. कौटिल्याच्या यादींत शिपाई व सेनापति यांत शहाण्णवपट अंतर आहे, येथें तें दहापटींहून थोडेंच अधिक. मनूनें राजाच्या घरकामाच्या नोकरांस रोज एक पणापासून सहा पणांपर्यंत वेतन सांगितलें आहे. त्या प्रमाणाच्या हें अधिक जवळ येतें. २०२२ च्या निर्णयाचा हेतु शिपायानें निवृत्त होण्यापूर्वीं उपनिरीक्षकाच्या दर्जापर्यंत पोंचावें असा आहे. फ्रेझर कमिशननें तोडलेली शिडी अशी सव्वाशें वर्षांनीं सांधली जात आहे.

राहतां राहिला गांवचा पाटील. मुलकी पाटिलकीचें वतन १ जानेवारी १९६३ पासून गेलें. १९६७ च्या कायद्यानें पोलीस पाटील हा नेमणुकीचा अधिकारी झाला. त्यास पगार नाहीं, मानधन आहे, आणि २०२४ मध्यें तें दरमहा १५,००० रुपये करण्यांत आलें. मनूच्या ग्रामाधिपतीप्रमाणें तो आजहि पगारी नोकरांच्या रांगेबाहेर उभा आहे. रोजचें अन्न, पान व इंधन देण्याचें गांवावरील बंधन तेवढें सुटलें.

या सर्व प्रवासांत सर्वांत मोठी उणीव आहे ती खालच्या रक्षकाच्या प्रत्यक्ष कागदांची. सनदा आणि महजर आपण जपतों. जागल्याच्या बलुत्याची यादी, कोतवालीचा रोजमुरा, शिबंदीचा हजेरीपट, भरपाईबद्दलची फारखती हे कागद रुमालांतून ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात व वाळवीच्या स्वाधीन होतात. कल्याण प्रांतांतील जुन्या पाटील घराण्यांकडे असे कागद असण्याचा संभव फार आहे. ज्या संग्राहकांपाशीं ते असतील त्यांनीं त्यांच्या नकला, निदान तारीख, गांव व रकमा उतरून, मंडळाकडे पाठवाव्या, ही विनंति. मागाच्या भरपाईची एखादी फारखती वालधुनीकांठच्या गांवची निघाली, तर ती प्रथम छापावी असें आम्हांस वाटतें.