मुसीकाठची कोठी

हैदराबाद नगरीतील ‘कोठी’ हा भाग दक्षिणेत राहणाऱ्या मराठी माणसास अपरिचित नाही. ज्या वास्तूवरून त्याला हे नाव पडले, त्या जुन्या रेसिडेन्सीचा इतिहास मात्र आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. आणि त्या इतिहासाच्या मुळाशी तर आपलाच एक विजय आहे.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांनी निजामास नमविले. त्या वेळी इंग्रज तटस्थ राहिले. पण लाभ अखेर त्यांनाच झाला. खचलेल्या निजामाने प्रथम रेमंडच्या फ्रेंच पलटणींवर भिस्त ठेवली आणि १ सप्टेंबर १७९८ रोजी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. हा तह घडवून आणणारा वकील म्हणजे जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक.

तोवर इंग्रज रेसिडेंट मुसी नदीच्या काठावरील एका जुन्या उद्यानगृहात राहत असत. कर्कपॅट्रिकने तेथेच नवा प्रासाद बांधण्याचे मनात घेतले. जागेचा भला मोठा नकाशा पाहून निजामाने प्रथम नकार दिला. तोच नकाशा लहानशा कागदावर काढून दाखविताच संमती मिळाली, असे सांगतात! खर्चही निजामाच्याच खजिन्यातून झाला. मद्रास इंजिनिअर्सचा सॅम्युअल रसेल याने आराखडा केला. १८०३ च्या सुमारास काम सुरू झाले. त्याच वर्षी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला.

दर्शनी भागी उत्तुंग स्तंभ, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस सिंह आणि आत भव्य दरबार दालन, असा त्या प्रासादाचा थाट. कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी विवाह केला होता. तिच्यासाठी त्याने रंगमहाल बांधला आणि बागेत मुख्य वास्तूची लहानशी प्रतिकृतीही उभारली. १८०५ साली त्यांची दोन्ही मुले विलायतेस पाठविण्यात आली. त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यास निवर्तला. कन्या किटी पुन्हा कधी हैदराबादेस आली नाही. सुमारे चाळीस वर्षांनंतर तिचा आजीशी पत्रव्यवहार जुळला, एवढेच. परमुलुखात नांदणाऱ्या आपणा सर्वांना त्या पत्रांचे मोल सांगावयास नको.

१७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांनी या रेसिडेन्सीवर चाल केली. तो उठाव फसला. तुर्रेबाज खान पुढे गोळीस बळी पडला, तर मौलवींनी अंदमानात देह ठेवला. भोवतालच्या रेसिडेन्सी बाजारांत, म्हणजे आजच्या सुलतान बाजार परिसरात, १९३३ पर्यंत इंग्रजांचा अंमल होता. तेथे निजामाचे निर्बंध लागू नसल्याने सार्वजनिक कार्यास थोडी मोकळीक मिळे. ज्या सत्तेने स्वराज्य बुडविले तिच्याच छायेत हा आसरा मिळावा, हा इतिहासाचा विपर्यास म्हणावा लागेल.

इंग्रज गेले. १९२४ साली स्थापन झालेले मुलींचे महाविद्यालय १९४९ मध्ये येथे आले. मोडकळीस आलेल्या या वास्तूचा जागतिक स्मारक निधीने (वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड) २००२ साली धोक्यातील स्मारकांच्या यादीत समावेश केला. पुढे तिचा जीर्णोद्धारही झाला. २०२२ साली महाविद्यालयाचे महिला विद्यापीठ झाले. तेलंगणाच्या शेतकरी लढ्यातील परीट समाजाची वीरांगना चाकली ऐलम्मा हिचे नाव त्यास लाभले आहे.

जेथे राज्यांचे सौदे ठरत, तेथे आज सामान्यांच्या लेकी शिकतात. खर्ड्याच्या वंशजांनी या पायऱ्या चढताना मनात कटुता का ठेवावी? आपसांतील वैराचे फळ तिसऱ्याच्या पदरात पडते, एवढा बोध तेवढा विसरू नये.